गावठी निवाडा

गेल्या महिन्यात दाभोळ खाडीच्या तोंडाशी आमच्या घरची होडी आणि एक ट्रॉलर एकमेकांवर आदळले. पहाटेचे चार, अवसेचा अंधार. माणसं सगळी वाचली. होडीची पुढची बाजू फाटली, इंजिन पाण्यात गेलं. ट्रॉलरच्या दोन फळ्या आणि थोडं जाळं गेलं. बंदरावरच्या चार जाणत्यांनी दोन्ही तांडेलांना समोरासमोर बसवलं आणि नुकसान एकत्र मांडलं. आमचं 80 हजार, त्यांचं 20 हजार. निवाडा अर्धा-अर्धा. दोघांनी 50-50 सोसायचं, म्हणजे ट्रॉलरवाल्याने आम्हाला 30 हजार द्यायचे. चहा झाला आणि मंडळी उठली.

त्या रात्री पुतण्याचा तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. "काका, असला गावठी निवाडा तुमच्या लंडनमध्ये चालला असता का? तिकडे टक्क्याटक्क्याचा हिशेब होतो." खाली घरच्या ग्रुपवर अंगठ्यांची रांग. एका चुलतभावाने भर घातली, "म्हणूनच आपण मागे."

'तुमच्या लंडनमध्ये' हे मला आधी लागलं. लंडनबाहेर, थेम्सच्या काठी ग्रेव्हजएंडला राहून मला 22 वर्षं झाली, काउन्सिल टॅक्स एकदाही चुकवलेला नाही, पण लंडन माझं आहे असं इथल्या कोणी कधी म्हटलेलं नाही. आमच्या घरचेच तेवढे म्हणतात, आणि तेही टोमणा मारायचा असला की.

'गावठी' हा शब्द त्यानंतर लागला. कारण लंडनमध्ये हा निवाडा नुसता चालला नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि कायदेवाल्यांनी त्याला नावही तेच दिलं होतं. रुस्टिकम ज्युडिशियम. लॅटिन आहे म्हणून भारदस्त वाटतं. अर्थ गावठी निवाडा. 1647 मध्ये क्लेराक नावाच्या फ्रेंच वकिलाने दर्याच्या रूढींवर पुस्तक लिहिलं, त्यात हा शब्द सापडतो.

मी लंडनच्या सिटीत, म्हणजे जुन्या व्यापारी भागात, जहाजांच्या विम्याच्या दाव्यांचं काम करतो. दुपारी मील डील घेऊन सेंट पॉल्सच्या खालच्या अंगाला क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवरून जातो, तिथे एका इमारतीवर डॉक्टर्स कॉमन्स या जुन्या वकील-मंडळींच्या जागेची पाटी आहे. शिडांच्या काळात जहाजं एकमेकांवर आदळली की खटले तिथे, दर्यावरचे दावे ऐकणाऱ्या अ‍ॅडमिरल्टी कोर्टात चालत. हे कोर्ट कोणाला धरायचं याची वाट बघत बसत नसे. जहाजालाच धरायचं. वॉरंट डोलकाठीवर चिकटवलं की जामीन मिळेपर्यंत नांगर उचलायचा नाही. 1798 ते 1828 अशी तीस वर्षं तिथे सर विल्यम स्कॉट न्यायाधीश होते. 1815 मध्ये वुड्रॉप-सिम्स जहाजाच्या खटल्यात त्यांनी टकरीच्या चार तऱ्हा सांगितल्या. वादळ झालं, कोणाचीच चूक नाही, तर ज्याचं त्याने सोसावं. बुडालेल्याचीच चूक, तर त्याने गप्प बसावं. धडकणाऱ्याची एकट्याची चूक, तर त्याने सगळं भरून द्यावं. आणि चूक दोघांची असेल तर नुकसान दोघांत वाटावं. वाटायचं म्हणजे सरळ निम्मं. 1824 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनेही, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यांत वरच्या कोर्टानेही, त्यावर शिक्का मारला.

पुतण्याला वाटतं, ज्यांना मोजता येत नाही ते अर्धं करतात. स्कॉटसाहेबांना मोजता येत नव्हतं? त्यांचा धाकटा भाऊ देशाचा लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायखात्याचा सर्वांत वरचा अधिकारी होता, आणि हे स्वतः ऑक्सफर्डला शिकवून आलेले. शेजारी बसायला ट्रिनिटी हाउस या दर्यावर्द्यांच्या संस्थेचे दोन मुरलेले कप्तान, वारा कुठून होता नि शीड कसं होतं हे सांगायला. तरीही अर्धं. कारण रात्रीच्या समुद्रावर साक्षीदार म्हणजे दोन जहाजांचे खलाशी, आणि प्रत्येक खलाशी आपल्याच जहाजाच्या बाजूने शपथ घेणार. पुढे 1855 च्या सुमाराला त्यावर एक तोड काढली. वारा, हवा, दिशा, वेग, पहिल्यांदा किती अंतरावर दिसलं, कोणता दिवा दिसला, हे सगळं दोन्ही पक्षांनी एकमेकांचं न बघता लिहायचं आणि बंद लिफाफ्यात कोर्टात द्यायचं. असले कागद मी कामात पाहिले आहेत. वारा एकच असतो, तो दोन लिफाफ्यांत दोन दिशांनी वाहतो.

अर्ध्याचं मूळ याहून जुनं आहे. ओलेरॉन या फ्रेंच बेटाच्या नावाने ओळखले जाणारे मध्ययुगीन दर्यावर्दी कायदे आहेत. त्यात धक्क्याला बांधलेल्या जहाजावर भरतीबरोबर येणारं दुसरं जहाज आपटतं आणि दारूची पिंपं फुटतात. चूक तर आत येणाऱ्याची दिसते. तरी त्याने मुद्दाम केलं नाही अशी शपथ घेतली, तर नुकसान अर्धं-अर्धं. कारणही तिथेच दिलंय: नाहीतर एखादा लबाड आपलं कुजकं जहाज चांगल्या जहाजाच्या वाटेत मुद्दाम आणून बांधेल आणि भरपाई घेईल. हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात एकटाच हसलो. असले दोन तरी मालक मला आमच्या बंदरावर माहीत आहेत.

बरं, इंग्लंडची 'शहरी' कोर्टं काय करत होती? वेस्टमिन्स्टरच्या कॉमन लॉ कोर्टात, म्हणजे नेहमीच्या दिवाणी कोर्टात, नियम असा, की फिर्यादीची स्वतःची थोडी जरी चूक अपघाताला कारण झाली, तरी त्याला दमडीही नाही. तीच टक्कर, तेच खलाशी. एका कोर्टात अर्धं, दुसऱ्यात शून्य. 1873 च्या कायद्याने भांडण मिटवलं आणि जहाजांच्या बाबतीत गावठी नियमच वर ठेवला. आमची होडी वेस्टमिन्स्टरला गेली असती तर 30 हजार सोडा, 30 रुपये मिळाले नसते. कारण व्हॉइस मेसेजच्या अगदी शेवटी पुतण्या खालच्या आवाजात सांगतो, "बॅटरी उतरली होती, दिवा नव्हता." हे वाक्य ग्रुपवर कोणी ऐकलेलं दिसत नाही.

बाबांची शिडाची होडी होती. वाऱ्याला तोंड देत, तिरकी तिरकी वर चढणारी होडी दिसली की मोकळ्या वाऱ्याने येणाऱ्याने बाजूला व्हायचं, हे त्यांनी मला आठव्या वर्षी शिकवलं. इथल्या जुन्या खटल्यांत शब्दशः तोच नियम भेटला, तेव्हा अभिमान वाटला. कशाचा, ते विचारू नका.

आता पुतण्याचंही एक खरं आहे. टक्क्यांचा हिशेब इथे आला, पण 1911 मध्ये, शिडं उतरायला लागल्यावर. अमेरिका तर 1975 पर्यंत अर्ध्यावरच होती. आणि 1911 च्या त्या कायद्यातही मागचं दार उघडं ठेवलंय: कोणाची चूक किती हे ठरवता येत नसेल, तर समान वाटा. भारताच्या 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्यातही तेच आलं. अर्ध्याने अन्याय होतो हेही खरं. आकडे उलटे असते, आमचे 20 आणि त्यांचे 80, तर 30 हजार आम्ही मोजले असते. मग मी हे सगळं एवढ्या जोमाने लिहिलं असतं का, कोण जाणे.

पण त्या रात्री जोम होता. स्कॉट, ओलेरॉन, लिफाफे, सगळं मी ग्रुपवर टाकलं. लांबलचक. शेवटी लिहिलं, जाणत्यांचा मान ठेवा, अर्धं म्हणजे अर्धं.

पुतण्याने काही लिहिलं नाही. दादाने एकच ओळ लिहिली: "मग कौलांचं पण अर्धंच ना?"

तीन वर्षांपूर्वी घराची कौलं उतरवून नवीन छप्पर केलं. खर्च 2 लाख 40 हजार. दादा फोनवर म्हणाला होता, अर्धं-अर्धं करू. मी पावत्या मागितल्या. त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मग मी एक एक्सेल शीट केली: कोण वर्षातून किती दिवस त्या छपराखाली राहतं. माझे 12 दिवस, भागिले 365. माझा वाटा 3.29 टक्के आला. तो मी त्याच दिवशी पाठवलाही, पैशापैशासकट. दादाने बाकीचे भरले आणि विषय काढला नाही.

इथे रात्रीचे साडेअकरा वाजलेत, खिडकीतून पलीकडे टिलबरीचे दिवे दिसतात. फेरी बंद झाल्यापासून नदीत हालचाल कमीच. तिकडे पहाटेचे चार. होडी दुरुस्तीला आहे, तरी दादा उठलेला असणार. नावाखाली 'ऑनलाइन' दिसतंय.