उथळ बॉक्स, खोल मनस्ताप

भिंत फोडायचीच आहे, धूळ खायचीच आहे, मग छिन्नी आणखी सेंटीमीटरभर आत गेली तर काय बिघडतं? पण नाही! हे वायरमन दिसेल तिथे स्विच-सॉकेटच्या मागे भिंतीत बसणारा, जेमतेम २५ मिमी खोल बॉक्स ठोकून मोकळे. साध्या दिव्याच्या बटणाला चालतो हो तो. पण त्यात यूएसबीवालं सॉकेट नाहीतर दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर बसवायला घ्या. मागचा ठोकळाच निम्मी जागा खातो, त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या जाड वायरी. त्या दुमडायच्या, कोंबायच्या, प्लेट अंगठ्याने दाबून धरत स्क्रू आवळायचे, तरी प्लेट भिंतीपासून फटकूनच. आत वायरीवरचं इन्सुलेशन चेमटलं किंवा वायर आवळायचं टर्मिनल सैल झालं, की तिथेच तापणार, करपणार. ३५ किंवा ४७ मिमीचे बॉक्स मिळत नाहीत असं थोडंच आहे? वर आपल्यालाच ऐकवतात, "प्लेट लावल्यावर आतलं कोण बघतंय!"