माशाचे तुकडे नाहीत म्हणजे व्हेज होत नाही!!

डोकं अजून तापलेलंय. आई पहिल्यांदाच पॅरिसला आलीये, त्यात माझा चाळिसावा वाढदिवस, म्हटलं तिला जरा चांगल्या ठिकाणी नेऊ म्हणून ओपेराच्या मागच्या गल्लीतलं एक फ्रेंच-जपानी फ्यूजनवालं बुक केलं. इनमिन चौदा खुर्च्या, सात कोर्स, माणशी 95 युरो, आणि बुकिंगलाच कार्डचा नंबर घेतात, आलो नाही तर पैसे कापणार. तेही मान्य केलं. आई माळकरी आहे, मांस मासे अंडं काहीच चालत नाही हे बुकिंगमध्ये लिहिलं, आदल्या दिवशी फोन करून परत सांगितलं. हो हो मादाम, व्हेज मेन्यू करतो म्हणाले.

तिसऱ्या कोर्सला छोट्याशा वाटीत सोनेरी पातळ सूप, वर भाजलेल्या सलगमची एक फोड आणि लोण्याचा तवंग. आईने आवडीने सगळं संपवलं आणि म्हणाली, "छान होतं गं, पण धुराचा वास येतोय, चुलीवर केलंय का?" माझ्या पोटात धस्सच झालं. वेटरला विचारलं तर शांतपणे म्हणतो, दाशी आहे, पण माशाचे तुकडे नाहीत त्यात.

अरे तुकडे नाहीत म्हणजे काय?? अख्खा अर्कच माशाचा आहे तो! ट्यूनाच्या जातीचा मासा उकडतात, धुरी देऊन लाकडासारखा कडक वाळवतात आणि त्याचा कीस गरम पाण्यात टाकून गाळतात, ती दाशी. हे मला कळतं आणि जपानी जेवण विकणाऱ्यांना कळत नाही? बरं दुसरा उपाय नाही असंही नाही, खुद्द जपानच्या बौद्ध मठांत शेकडो वर्षं शोजिन र्योरी म्हणजे मठातलं शाकाहारी जेवण करतायत, कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ आणि वाळवलेले शिताके मशरूम रात्री भिजत घातले की सकाळी दाशी तयार, माशाचा संबंधच नाही. तेवढंही जमत नसेल तर फोनवर नाही म्हणायचं ना, आम्ही आलोच नसतो!

आई काही बोलली नाही. गळ्यातली माळ हाताने चाचपली आणि पदराखाली सरकवली. एवढीशी जागा, शेजारच्यांची कोपरं लागतायत, सगळे आमच्याकडेच बघतायत, मला धड भांडताही येईना. आणि सॉरी म्हणून आणलं काय तर साकेचा ग्लास, दारू, माझ्या माळकरी आईपुढे!

बिल पूर्ण लावलं, 190 युरो. वर न विचारता फोडलेल्या पाण्याच्या बाटलीचे 9, फ्रान्समध्ये नळाचं पाणी फुकट द्यायचा कायदा आहे आणि 2022 पासून तर ते मेन्यूवर नाहीतर बोर्डावर लिहावं लागतं, तरीही. पैशाचं जाऊ दे.

घरी आल्यावर रात्री साडेअकराला आईने डोक्यावरून आंघोळ केली. आज एकादशी नाहीये तरी सकाळपासून नुसत्या पाण्यावर आहे.