‘कामगाराला पैसा हवा, स्टूल नको’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कामाच्या ठिकाणचे जगणे सुधारण्याविषयी मी मागे लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्या वाचनात थोडा राग आला, हे कबूल करतो. दुसऱ्या वाचनात मात्र तिच्यातील निम्म्याहून अधिक मुद्दे टाळता येण्यासारखे नाहीत, असे लक्षात आले. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात असे : ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आपला ३८ माणसांचा कारखाना आहे, कामगाराला रोख पैसा हवा असतो, बाकी सगळे, अगदी बसायचे स्टूलसुद्धा, नंतरचे, ओव्हरटाइम बंद केला तर तो दुसऱ्या दिवशी शेजारच्या गाळ्यात कामाला लागतो, महिनाभर आधी पाळ्या ठरवणे ऐरोलीच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत जमते, पण जिथे ऑर्डर संध्याकाळी सात वाजता फोनवर येते तिथे जमत नाही, आणि मुळात हे परदेशी खूळ आहे. शेवटी आपण लिहिता, ‘लेखकाने कधी मशीनला हात लावला असेल असे वाटत नाही.’ हात लावला आहे, एकदा तर नको तितका. नवी मुंबईत रबाळ्याच्या एका कारखान्यात मी आधी प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, आणि पुढे मनुष्यबळ विभागात नोकरी केली. डाव्या करंगळीचे टोक तिथेच राहिले.

पैशाचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे माझा लेख खरोखरच कमी पडला होता. पगार अपुरा असताना बाकीच्या सोयींविषयी बोलणे हे उपाशी माणसाला पानाची सजावट दाखवण्यासारखे आहे, आणि मी वेतनाला एकच परिच्छेद दिला, ही चूक मान्य. पण ओव्हरटाइमविषयी आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ‘ओटी’, म्हणजे ओव्हरटाइम, ‘द्या’ म्हणून मागे लागणारा माणूस पुष्कळदा आठ तासांच्या पगारात घर भागत नाही एवढेच सांगत असतो. आपण मात्र त्याला जास्त काम करायला आवडते असा अर्थ लावतो. हिशेब करून पाहू. सहा दिवसांचे ४८ तास आणि त्यावर चार दिवस दोन-दोन तास धरले, तर आठवडा ५६ तासांचा होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली संयुक्तपणे मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळतो. या तासांत बदलापूरहून गाडीत लोंबकळत ठाण्याला येणे आणि तिथून ट्रान्सहार्बर लोकलने रबाळे गाठणे धरलेले नाही.

आता परदेशी खुळाविषयी. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही गिरणी कामगारांची संघटना स्थापन केली, आणि त्यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. त्या मागणीचा गाभा पैसा नव्हता, स्वतःच्या वेळेवर थोडा हक्क हा होता. दुसरे उदाहरण अहमदाबादच्या कॅलिको मिलचे आहे. तिथल्या एका शेडमध्ये स्वयंचलित माग आले, पण उत्पादन अपेक्षेइतके वाढेना. कामाच्या ठिकाणचे मानवी संबंध अभ्यासणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ साली पाहिले तेव्हा २२४ माग आणि २९ माणसे होती, पण कामाचे बारा वेगवेगळे तुकडे पाडलेले होते; धागा तुटला तर एकाने बोलवायचे, दुसऱ्याने यायचे, तिसऱ्याने माग सुरू करायचा, आणि संपूर्ण मागाची जबाबदारी कोणाचीच नाही. कामाची फेरमांडणी अशी झाली की एका लहान गटाकडे ठरावीक माग सोपवायचे आणि आपसांत काम कसे वाटायचे हे गटानेच पाहायचे. विणकरांनी ही कल्पना उचलून धरली, गट स्वतःच पाडले, आणि काही काळाने कार्यक्षमता वाढून कापडातील दोष कमी झाले. आपल्या बाजूचे सत्यही सांगायला हवे : १९७० साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा एका शेडमध्ये गटपद्धत टिकून होती, पण इतरत्र ती बऱ्याच अंशी मावळली होती. बाजाराचा ताण वाढला की सुपरवायझर जुन्या सवयीकडे वळतात. तेव्हा ‘हे टिकत नाही’ असे आपण म्हणाला असतात तर मला अधिक अडचण झाली असती.

स्टुलाची आपण थट्टा केली आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये बहुतेक सोयींना माणसांच्या संख्येची अट होती : २५० हून अधिक कामगार असतील तर उपाहारगृह, १५० हून अधिक असतील तर विश्रांतीची खोली, ३० हून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर. त्यामुळे ‘आम्ही लहान, आम्हाला लागू नाही’ हे आपले म्हणणे तिथे बरोबर आहे. पण कलम ४४, म्हणजे उभ्याने काम करणाऱ्याला संधी मिळेल तेव्हा बसता यावे यासाठीची तरतूद, हिला अशी कोणतीही अट नव्हती. दुकानांत काम करणाऱ्यांसाठी केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली बसण्याचा हक्क कायद्यात आणला, तो साड्यांच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांनी आवाज उठवल्यानंतर.

आमच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलाशी स्त्रिया आठ तास उभ्या असत. बसले की हात मंदावतो, असे सुपरवायझरचे ठाम मत होते. बऱ्याच खटपटीनंतर मी बारा स्टुलांची खरेदी मंजूर करून घेतली आणि स्वतःवर फार खूश झालो. पुढचे तीन आठवडे त्या स्टुलांवर फक्त खोकी ठेवलेली दिसत होती. अखेर एका ज्येष्ठ कामगार बाईंना विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘साहेब, टेबल केवढं उंच आणि हे केवढंसं. बसलं की नाकासमोर टेबलाची कड येते.’ उंची किती हवी हे कोणीही त्यांना विचारले नव्हते, मीसुद्धा नाही. दुसरी स्टुले त्यांनी सांगितलेल्या मापाने शेजारच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतली, ती आधीच्यांपेक्षा स्वस्त पडली, आणि त्यांच्यावर बाया बसल्या. मूळ लेखात मला जे म्हणायचे होते ते एवढेच, की काम ज्याचे आहे त्याला त्या कामाविषयी विचारावे. योगदिन, वाढदिवसाचा केक आणि भिंतीवरची इंग्रजी सुविचारांची पोस्टरे यांच्याविषयी मला फारसे प्रेम नाही, आणि तिथे आपले एकमत व्हावे.

पाळ्यांचा आपला आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आमच्याकडे ६० माणसांचे पाळीपत्रक शनिवारी संध्याकाळी लागत असे, आणि सोमवारी कोण सेकंड शिफ्टला हे तोवर फक्त सुपरवायझरला ठाऊक असे. कळव्याच्या चाळीत पाणी कोणत्या वेळी येते, मुलीच्या शाळेत पालकसभा कधी आहे, गावी लग्नाला कोणत्या दिवशी निघायचे, हे सगळे त्या एका कागदावर टांगलेले असे. आम्ही चार आठवड्यांचे पत्रक एकदम लावू लागलो आणि आपसांत पाळी बदलायची असल्यास त्याच कागदावर दोघांनी सही करावी, एवढी मुभा दिली. तातडीच्या ऑर्डरसाठी आठवड्याला सहा जणांची राखीव यादी ठेवली. त्यांना बोलावले नाही तरी ठरावीक भत्ता मिळे. आपल्या संध्याकाळी सातच्या फोनला माझ्याकडे याहून चांगले उत्तर नाही. ३८ माणसांत सहा राखीव ठेवणे आपल्याला परवडणार नाही. तीन कदाचित परवडतील, आणि ज्या दिवशी फोन येत नाही त्या दिवशीचा भत्ता वाया गेल्यासारखा वाटेल, हेही खरे.

विरोध मालकाकडून झाला नाही, सुपरवायझरकडून झाला. कोणाला सेकंड शिफ्ट लावायची हे त्याचे हुकमाचे पान होते. तोंड वर करून बोलणाऱ्याला सलग तीन आठवडे रात्री अकराला सोडता येत असे. ते पान हातचे गेल्यावर त्याने दोन महिने असहकार पुकारला, आणि मला रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून पत्रक करावे लागले. न कळवता होणारे खाडे त्यानंतर कमी झाले, हे मस्टरवर दिसत होते. मात्र त्याच सुमारास शेजारचे एक युनिट बंद पडले आणि हातची नोकरी धोक्यात घालण्याची कोणाची तयारी उरली नाही, त्यामुळे सगळे श्रेय पत्रकाला देणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कंत्राटी कामगारांविषयी आपण विचारलेला प्रश्न मी या उत्तरात घेतलेला नाही. ठेकेदाराच्या माणसाचे पाळीपत्रक कोणी लावायचे, कारखान्याने की ठेकेदाराने, यावर आमच्या कारखान्यातही शेवटपर्यंत वाद होता, आणि त्याची बाजू नीट मांडायला स्वतंत्र लेख लागेल. मूळ लेखात एक दुरुस्ती मात्र आज केली आहे. तिथे पाळीपत्रकाच्या बदलाला ‘खर्च काहीच नाही’ असे लिहिले होते, ते काढून ‘राखीव माणसांचा भत्ता, आणि पहिले दोन महिने कोणातरी जबाबदार माणसाच्या रोजच्या संध्याकाळी’ असे केले आहे.