दादा एकटा दूध आणायला गेला

दादा पुण्याहून लंडनला आला आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी म्हणाला, "अगं, दूध संपलंय. मी घेऊन येतो." मी त्याच्याकडे बघतच राहिले. लहानपणी पोलिओ झाल्यापासून तो कुबड्यांवर चालायचा, गेली अकरा वर्षं व्हीलचेअरवर आहे. या अकरा वर्षांत पुण्यात तो एकटा घराबाहेर पडल्याचं मला आठवत नाही. पाऊण तासानं परतला, मांडीवर दुधाची बाटली. म्हणाला, "तीन रस्ते ओलांडले. चाक एकदाही अडलं नाही."

व्हीलचेअरची पुढची चाकं अगदी लहान असतात. इंचभर उंचवटा आला तरी ती तिथेच थबकतात आणि बसलेला माणूस पुढे झुकतो. आमच्या भागात रस्ता ओलांडायच्या जागी फूटपाथची कड उतरवून रस्त्याला टेकवली आहे. एवढ्यावर दादाची ती सकाळ झाली.

पुढचे आठ दिवस आम्ही शहर पालथं घातलं. बसच्या मधल्या दाराशेजारचं निळं बटण दाबलं की रॅम्प बाहेर येतो, आणि व्हीलचेअरवाल्याला तिकीट पडत नाही. काळ्या टॅक्सीत रॅम्प असतोच. ग्रिनिचला डीएलआर या हलक्या रेल्वेनं गेलो. १९८७ साली सुरू झालेल्या या रेल्वेच्या सगळ्या स्टेशनांवर पायरीविना जाता येतं. ट्यूबचं, म्हणजे लंडनच्या भुयारी रेल्वेचं, मात्र तसं नाही. १८६३ पासूनचं हे जाळं, त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश स्टेशनांत व्हीलचेअर रस्त्यावरून फलाटापर्यंत जाते. म्हणून डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं घर बघायला निघालो तेव्हा जवळचं चॉक फार्म स्टेशन सोडून बस धरली. घरावरची निळी पाटी दादानं फूटपाथवरून दोनदा वाचली. टॉवर ऑफ लंडनच्या दगडी फरशीवर त्याची कंबर भरून आली आणि त्यातला व्हाइट टॉवर हा जुना बुरूज बाहेरूनच बघावा लागला.

फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेले आणि तिकडचं चांगलं की आपलं, हा नेहमीचा वाद सुरू झाला. त्याआधी तिथे मुंबईच्या फूटपाथवरच्या खांबांची चर्चा रंगली होती. दुचाक्या चढू नयेत म्हणून लावलेल्या या खांबांमधून व्हीलचेअर जात नाही. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. काका म्हणाले, खांब काढले तर चालणाऱ्यांनी कुठे जायचं? मामी म्हणाल्या, तिकडे यंत्रं आहेत, आपल्याकडे माणसं आहेत, चार पोरं धावतात आणि खुर्ची उचलतात.

मामींचं म्हणणं खरं आहे, आणि म्हणूनच ते मला खुपतं. भाच्याच्या लग्नात कार्यालयाचा हॉल दुसऱ्या मजल्यावर होता, लिफ्ट बंद. चार मुलांनी दादाला खुर्चीसकट उचललं. मी मागून चढत होते. जिन्याच्या वळणावर एकाचा हात सुटला आणि खुर्ची तिरकी झाली. दादानं कठडा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. वर पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादा त्या दिवशी दुपारपासून पाणी प्यायला नाही, कारण बाथरूम खालच्या मजल्यावर होतं आणि पुन्हा चौघांना हाक मारायची त्याची तयारी नव्हती. त्या मुलांच्या मनात माया होती यात शंका नाही. पण दूध आणायला रोज चौघं कुठून आणायचे?

"तिकडची माणसंच वेगळी" हे ग्रुपवरचं म्हणणंही मला पटत नाही. १९९० च्या दशकात इथल्या अपंग आंदोलकांनी स्वतःला बसला बेड्यांनी जखडून घेतलं, वाहतूक अडवली. १९९५ मध्ये भेदभावविरोधी कायदा झाला. त्यानंतरही एका व्हीलचेअरवाल्या प्रवाशाला बसमधल्या जागेसाठी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. ती जागा अडवणाऱ्या प्रवाशाला ड्रायव्हरनं नुसती विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही, असं न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. रॅम्प मागून, भांडून मिळालेत.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ती कधीच उलटली. सुगमतेचे निकष नुसते शिफारशीपुरते नकोत, ते बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राला बजावलं. काकांच्या प्रश्नालाही उत्तर आहे. खांब राहू देत, फक्त दोन खांबांत खुर्ची जाईल आणि मोटारसायकलवाल्याला दंड होईल, एवढं करा.

परत गेल्यावर दादानं टेप घेऊन गल्लीच्या तोंडचे खांब मोजले, वहिनीनं दुसरं टोक धरलं. खांबांमधलं अंतर ५८ सेंटिमीटर, खुर्ची ६४. फोटो जोडून त्यानं क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिला आहे. काल फोनवर त्यानं मला अर्जाचा आवक क्रमांक लिहून घ्यायला लावला.