किल्ल्या मागितल्या का?

आज सकाळी पोह्यांची अर्धी प्लेट तशीच ठेवून मी उठून आलो. सोबत बसलेल्यांचे तेव्हापासून तीन फोन आले. उचलले नाहीत. इथेच लिहितो, म्हणजे सगळ्यांना एकदमच कळेल.

झालं असं. रविवार म्हणून आम्ही चौघं नेहमीच्या जागी, इंदूरच्या राजवाड्याजवळ पोहे-जिलबी खायला जमलो होतो. माझ्यासोबत कित्येक वर्षं रात्री जागून टॉटनहॅमचे फुटबॉल सामने बघणारा आपला मित्र पोह्यांवर जिरावन भुरभुरत म्हणाला, "बरं झालं भिया, गेला अँज एकदाचा. सतरावा नंबर म्हणजे काय चेष्टा आहे? आता फ्रँक येईल, घर नीट लावेल." बाकीच्या दोघांनी मान डोलावली. एक तर म्हणाला, कप काय, लागला मटका.

मटका! हाच माणूस २२ मेच्या पहाटे अडीच वाजता माझ्या घरी, माझ्या गळ्यात पडून रडत होता. आई आतून उठून आली, तिला वाटलं कुणाची तरी वाईट बातमी आली. बाबा खुर्चीवरून म्हणाले, "अगं, जिंकलेत ते." तीन आठवडे झाले फक्त.

ज्या काका-मावश्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉटनहॅम हा लंडनचा फुटबॉल क्लब. २००८ नंतर एकही कप नव्हता. युरोपातला शेवटचा कप १९८४चा. अँज पोस्टेकोग्लू नावाचा माणूस २०२३च्या जूनमध्ये मॅनेजर म्हणून आला. दुसऱ्या वर्षी त्याने युरोपा लीग जिंकून दिली, बिल्बाओला, मँचेस्टर युनायटेडला १-०ने हरवून. तारीख २१ मे २०२५. आणि ६ जूनला त्याला काढून टाकलं. मध्ये सोळा दिवस. कप दाखवत बसमधून मिरवणूक काढली होती, तीही याच सोळा दिवसांत.

मला तेव्हाच लिहायचं होतं, पण रागाने हात चालत नव्हता. मग गुरुवारी क्लबने नवा मॅनेजर म्हणून थॉमस फ्रँकचं नाव जाहीर केलं. त्या दिवशी दुपारपासून अहमदाबादच्या विमान अपघाताची बातमी चालू होती. फुटबॉल सुचावं असा दिवसच नव्हता तो. आज मात्र त्या मटक्याने सगळं वर आणलं.

माझ्या बाबांची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत आहे. इंदूरच्या एका शाळेत ते पीटीचे सर होते. शाळेचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. १९९७ साली त्यांच्या खो-खोच्या मुलांनी संभागीय, म्हणजे विभागीय, स्पर्धा जिंकली, उज्जैनला. शाळेच्या इतिहासात पहिल्यांदा. मी अकरा वर्षांचा होतो आणि त्या बसमध्ये होतो. येताना मुलं सांवेरपर्यंत ओरडत होती, मग एकेक करून झोपली. बाबा पुढच्या सीटवर ढाल मांडीवर घेऊन बसलेले. मग शाळेत शाल-श्रीफळ, भाषणं, फोटो. आणि त्यानंतर दहाव्या दिवशी त्यांना ऑफिसात बोलावलं. बाकीच्या खेळांत शाळा मागे आहे, कवायतीकडे दुर्लक्ष झालं, पुढच्या सत्रापासून नवे सर येतील. सामानाच्या खोलीच्या किल्ल्या जाताना टेबलावर ठेवा.

६ जूनला रात्री मी बाबांना सांगितलं की अँजला काढला. बाबा आता बहात्तर वर्षांचे आहेत. ते टीव्हीकडे बघतच होते. जरा वेळाने म्हणाले, "किल्ल्या मागितल्या का?"

मला उत्तर देता आलं नाही.

आता नंबरचं बोलू, कारण सकाळपासून तेच ऐकतोय. हो, लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या क्लबांच्या वर्षभराच्या स्पर्धेत, सतरावे आलो, २२ सामने हरलो. हो, शेवटच्या दिवशी आपल्याच मैदानावर ब्रायटनने ४-१ मारलं. मान्य. पण त्या हिवाळ्यात कोण खेळत होतं ते आठवा. गोलकीपर विकारियो जखमी, रोमेरो जखमी, व्हॅन डे व्हेन जखमी. अठरा वर्षांचा आर्ची ग्रे, मुळात मिडफिल्डर, त्याला बचावात, सेंटर बॅकला उभं करून सामने काढले. अँजने एकदाही त्या पोराला पुढे करून स्वतः मागे लपायचा प्रयत्न केला नाही. आणि जेव्हा कळलं की लीगमध्ये आता वर जाणं नाही, तेव्हा त्याने सगळा जीव युरोपवर लावला. फायनलमध्ये तर त्याने स्वतःचा हट्टही सोडला. जो माणूस दोन वर्षं पुढे, पुढे, आणखी पुढे म्हणत होता, त्याने त्या रात्री टीम मागे ओढून भिंत उभी केली. ब्रेनन जॉन्सनचा तो ४२व्या मिनिटाचा गोल, मग दुसरा अख्खा हाफ दात-ओठ खाऊन धरून ठेवणं, आणि व्हॅन डे व्हेनने हवेत उडी मारून गोललाईनवरून काढलेला तो चेंडू. मटक्यात असं काही असतं?

क्लबच्या पत्रकातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जातच नाहीये. त्यांनी लिहिलं, शेवटच्या ६६ लीग सामन्यांत ७८ गुण. अरे, दोन वर्षांत सामने झाले ७६. मग ६६ का? कारण पहिल्या १० सामन्यांत अँजने २६ गुण मिळवले होते आणि ते धरले असते तर हिशोब इतका वाईट दिसला नसता. म्हणजे माणसाचे चांगले दिवस आधी वजा करायचे आणि उरलेल्यावर निकाल लावायचा. बाबांनाही असंच केलं. खो-खो वगळून बाकीच्या खेळांत शाळा मागे! ढाल त्याच ऑफिसातल्या कपाटात होती, काचेच्या मागे, बाबा उभे होते तिथून चार हातांवर.

आणि हे पहिल्यांदा होत नाहीये. मला या क्लबचा नाद लागला तो २०१०च्या ऑक्टोबरमध्ये, मिलानला. इंटर क्लबविरुद्ध ४-० मागे होतो, माणूस कमी होता, आणि गॅरेथ बेलने तीन गोल मारले. हरलो ४-३. तरी त्या रात्रीपासून मी यांचा. तेव्हापासून बघतोय. पोचेटिनो या मॅनेजरने आम्हाला २०१९ला चॅम्पियन्स लीगच्या फायनलला नेलं. अ‍ॅमस्टरडॅमची ती रात्र, लुकास मोराचा ९६व्या मिनिटाचा गोल, मी आयुष्यात विसरणार नाही. फायनलला सहा महिने व्हायच्या आत पोचेटिनो बाहेर. मग मोरिन्यो. २०२१ला लीग कपची फायनल सहा दिवसांवर असताना त्याला काढला आणि २९ वर्षांच्या रायन मेसनला त्या फायनलला उभं केलं. आता अँज, फायनल जिंकून सोळा दिवसांनी. हरलं तरी काढणार, खेळायच्या आधी काढणार, जिंकलं तरी काढणार. डॅनियल लेव्ही २००१ पासून २०२५पर्यंत अध्यक्ष होता. चोवीस वर्षांत ती एकच खुर्ची हलली नाही.

लिहिता लिहिता हात थरथरतोय. पाणी पिऊन आलो.

अँजबद्दल अजून एक सांगतो, कारण हे कुणी बोलत नाही. पाच वर्षांचा असताना आई-बापासोबत ग्रीसहून ऑस्ट्रेलियाला गेलेला मुलगा. परक्या देशात बाप-लेकाला बांधणारा धागा एकच, फुटबॉल. २०१५ला त्याच्या ऑस्ट्रेलियाने आशिया कप जिंकला, फायनलमध्ये दक्षिण कोरियाला हरवून. कोरियासाठी शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल मारला होता आपल्या सोनने आणि तरी हरून रडला होता. दहा वर्षांनी त्याच सोनने त्याच अँजच्या हाताखाली कॅप्टन म्हणून कप उचलला. २०२४च्या सप्टेंबरमध्ये आर्सेनलकडून हरल्यावर अँज म्हणाला होता की मी दुसऱ्या वर्षी नेहमी काहीतरी जिंकतोच. सगळं इंग्लंड हसलं. त्याने शब्द पाळला. इतकी वर्षं या क्लबमध्ये कोणी शब्द पाळला होता, सांगा.

इंदूरकरांनो, २०२२चा जून आठवतो ना? बेंगळुरूत मुंबईला हरवून मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी जिंकली. कोच चंद्रकांत पंडित. १९९८-९९ला ते स्वतः कॅप्टन असताना आपण तिथेच फायनल हरलो होतो. तेवीस वर्षांनी त्याच मैदानावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि इथे आपल्या घराघरात आलं. तेव्हा कुणी विचारलं का, की वन-डेमध्ये आपण कितवे? तुमच्यापैकी एकाने तरी विचारलं? मग अँजच्या वेळीच सतरावा नंबर कुठून आठवतो?

राहिला फ्रँक. त्याच्याविषयी वाईट लिहायला बसलो होतो, पण जमत नाहीये.

कारण माणूस खरंच चांगला आहे. स्वतः कधी प्रोफेशनल खेळला नाही. डेन्मार्कच्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना शिकवत शिकवत वर आला. ब्रेंटफर्ड क्लबने २०१८ला त्याला मुख्य कोच केला तेव्हा पहिल्या दहापैकी आठ सामने हरला. आठ! त्यांनी नाही काढला. २०२०ला प्ले-ऑफची फायनल फुलहॅमकडून हरला. तरी नाही काढला. पुढच्याच वर्षी त्याने क्लबला ७४ वर्षांनी पहिल्या श्रेणीत नेलं आणि तिथे टिकवलं, यंदा तर दहावा आणला. आज ज्या फ्रँकवर तुम्ही इतके खूश आहात, तो घडलाच मुळी हरल्यावरही थांबणाऱ्या लोकांच्या हाताखाली. आणि आपण त्याला आणलंय अशा घरी, जिथे जिंकल्यावरही थांबत नाहीत. नोव्हेंबरमध्ये तो सलग चार सामने हरला तर काय करणार आहात? तेव्हाही पोहे खाता खाता घर लावणारा नवा माणूस शोधणार?

मला त्याची काळजी वाटते. खरं सांगतो.

बाबांच्या जागी आलेले नवे सरही वाईट नव्हते. जुलैमध्ये एका संध्याकाळी ते सायकलवरून आमच्या घरी आले. मी दारातच होतो, मी त्यांना आत या म्हटलं नाही. तोंड फिरवून उभा राहिलो. बाबा बाहेर आले, त्यांनी आधी मला हात धरून पुढे केलं आणि नमस्कार करायला लावला. मग आईने चहा ठेवला आणि दोघं तासभर बोलत बसले. नव्या सरांनी विचारलं, सर, मुलांबद्दल सांगा. बाबांनी एकेका मुलाचं सांगितलं. कोण खांबाजवळ सूर मारायला घाबरतो, कोणाला रागावून चालत नाही, कोणाचा गुडघा दुखतो पण तो सांगत नाही. शाळेबद्दल एक शब्द नाही. जाताना नव्या सरांनी वाकून नमस्कार केला. मला ते तेव्हा अजिबात आवडलं नव्हतं.

पुढे बाबा एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. शिट्टी मात्र त्यांच्याकडेच राहिली, कारण किल्ल्या मागताना शिट्टी कुणाला आठवलीच नाही. अजून कॅलेंडरच्या खिळ्याला असते.

म्हणून फ्रँकला शिव्या देणार नाही. तो मैदानावर येईल तेव्हा टाळ्याही वाजवीन, बाबांनी हात धरून पुढे केल्यासारखा. पण ज्यांनी अँजला सोळा दिवसांत विसरून दाखवलं, त्या माझ्या मित्रांनो, तुमच्याशी मी काही दिवस बोलणार नाही. बोलायची इच्छा झाली तर आधी मटका हा शब्द मागे घ्या. ग्रुपमध्ये लिहून.

१३ ऑगस्टला इटलीत उदिनेला युरोपचा सुपर कप आहे, पॅरिसच्या क्लबविरुद्ध. त्या सामन्याचं तिकीट अँजने काढलेलं आहे, बेंचवर फ्रँक असेल. दुपारी जेवताना बाबांना हे सांगितलं. त्यांनी वेळ विचारली. म्हटलं, रात्री साडेबारा.

"उठव मला," म्हणाले.