शिमाझूंचे राज्य सेकिगाहारात बुडाले नव्हते

‘१६०० साली जपानमधली सेकिगाहाराची लढाई जिंकल्यावर तोकुगावा इएयासूने हरलेल्या, सात्सुमा संस्थानाच्या शिमाझू घराण्याचा मुलूख काढून घेतला,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो साफ चुकीचा आहे.

शिमाझू हरलेल्या बाजूला होते, एवढेच त्यात खरे. त्यांचा सेनापती शिमाझू योशिहिरो याच्याकडे जेमतेम दीड हजार माणसे होती. बाजू कोसळल्यावर मागे पळण्याऐवजी तो थेट शत्रूच्या फळीतूनच घुसून बाहेर पडला. पाठलाग रोखायला थोडे बंदूकधारी वाटेत बसत, नेम धरून गोळ्या झाडत आणि मरेपर्यंत जागा सोडत नसत. पुतण्या तोयोहिसा असाच पडला. योशिहिरोबरोबर शेवटपर्यंत टिकले ते अवघे ऐंशीच्या आसपास.

पण घराण्याची खरी ताकद क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकाला, सात्सुमात, शाबूत होती. इतक्या दूर नवी मोहीम काढणे इएयासूला परवडणारे नव्हते. योशिहिरोचा थोरला भाऊ योशिहिसा याने वाटाघाटी चिकाटीने लांबवल्या आणि १६०२ मध्ये मुलूख कायम झाला. त्याच हरलेल्या बाजूच्या मोरी घराण्याचे मात्र बहुतेक प्रांत गेले. बहुधा या दोघांची गल्लत झाली असावी.

१६०९ मध्ये तर याच शिमाझूंनी, इएयासूच्या संमतीने, र्‍युक्यू बेटांचे (आजचे ओकिनावा) राज्य जिंकले. सात्सुमावरचा त्यांचा अंमल संपला तो १८७१ मध्ये, सम्राट मेइजीच्या नव्या सरकारने सगळीच संस्थाने खालसा केली तेव्हा. मजकूर पुढे पाठवला असेल, तर ही दुरुस्तीही जरूर पाठवा.