सन्मानार्थ की स्मरणार्थ

भाऊजींच्या पन्नाशीला मी त्यांना शेळी दिली.

शेळी म्हणजे अर्थात शेळीचा फोटो छापलेलं कार्ड. खरी शेळी कुठल्याशा गरजू कुटुंबाला मिळणार, पैसे माझे जाणार आणि पुण्य भाऊजींच्या खात्यावर जमा होणार, अशी ती योजना. भाऊजींकडे सगळं आहे. त्यातलं निम्मं मीच दिलेलं आहे आणि ते वेष्टनासकट माळ्यावर आहे. जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने 1993 साली याचा हिशेबच मांडला होता. नाताळात मिळालेल्या वस्तूंसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते, असं त्याने विद्यार्थ्यांना विचारलं. उत्तरांवरून निघालं, की भेटीच्या किमतीतला दहावा हिस्सा ते एक तृतीयांश नुसताच हवेत जातो. भाऊजींचा माळा त्याने पाहिलेला नव्हता.

म्हणून शेळी. यादीत कोंबड्याही होत्या, पण पन्नाशीला कोंबड्या म्हणजे हात आखडल्यासारखं दिसतं. गाय दिली, तर साठीला काय देणार? शेळी आमच्या नात्याला बेताची शोभत होती.

अर्ज भरताना एक चौकट आली. देणगी कशासाठी? खाली दोन पर्याय : सन्मानार्थ, स्मरणार्थ. अक्षरं बारीक, माझा चष्मा कपाळावर, आणि 'स्मरण' हा शब्द मला मुळात प्रेमळच वाटतो. पुढची चौकट : कोणाला कळवावे? तिथे मी ताईचा ईमेल दिला.

वाढदिवसाच्या चार दिवस आधी ताईचा फोन. "अरे, ह्यांच्या जाण्याने मला झालेल्या दुःखात कुणीतरी सहभागी आहे म्हणे. हे तर समोर बसून पेपर वाचतायत."

मागून भाऊजींचा आवाज आला, "कोण गेलं?"

ताईने उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला.

मी संस्थेला फोन लावला. पलीकडची बाई इतक्या हळुवार आवाजात बोलत होती, की भाऊजी जिवंत आहेत हे सांगायचा मलाच संकोच वाटू लागला. "माफ करा, पण ते आहेत," एवढंच मी कसंबसं म्हणालो. तिने दुरुस्त कार्ड पाठवलं, तेही वेळेत. बिचारीची काहीच चूक नव्हती.

वाढदिवसाला भाऊजींनी पाकीट फोडलं. कार्ड पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मग पाकीट उलटं करून दोनदा झटकलं. काही पडलं नाही तेव्हा म्हणाले, "वा!"

या 'वा'ला फार अर्थ असतात. त्यातला एकही मला नको होता, म्हणून मी घाईघाईने माहिती सांगायला लागलो. डॅन वेस्ट नावाच्या माणसाच्या कल्पनेतून 1944 साली 17 कालवडी बोटीने प्युर्टो रिकोला गेल्या, युद्धात होरपळलेल्यांना नुसतं दूध वाटण्यापेक्षा दुभतं जनावरच द्यावं हे त्याला आधीच सुचलं होतं, आणि अट एकच, की पहिली कालवड झाली की ती दुसऱ्या गरजवंताला द्यायची.

"म्हणजे ज्याला मिळते त्यालाही ठेवता येत नाही," भाऊजी म्हणाले. "मग माझ्यात न् त्याच्यात फरक काय?"

भाऊजी आयुष्यभर हिशेब तपासत आले आहेत. चष्मा लावून ते कार्डाच्या तळाशी गेले. छायाचित्र प्रातिनिधिक आहे, रक्कम जिथे अधिक गरज असेल तिथे वापरली जाईल. "म्हणजे शेळी नाहीच. एखाद्या हातपंपाचं वॉशर असेल." मग मान वर करून, "पावती कुणाच्या नावावर?"

मी कार्डावरची शेळी न्याहाळू लागलो. पावती पैसे भरणाऱ्याच्या नावावर निघते. करात सूट मिळायची असेल, तर तीही त्यालाच.

"अरे, लोक हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवतात," भाऊजी म्हणाले. "तू पाकीट स्वतःचं उघडलंस, तुळशीपत्र माझ्या हातून ठेवलंस आणि हिशेबात परत स्वतःच्याच खिशात टाकलंस. मला काय मिळालं? आभार मानायचं काम."

यावर मला आजही उत्तर सुचलेलं नाही. चांगलं काम केल्याची ऊब लागते ती देणाऱ्याला, दूध मिळतं ते तिसऱ्याला. मधला माणूस नुसता कार्ड धरून उभा. बरं, त्याला कुरकुरताही येत नाही. गरिबाच्या शेळीवर कोण रागावणार? भाऊजी रागावले, पण त्यांचं वेगळं. चार दिवसांपूर्वीच ते एकदा जाऊन आले होते.

परवा माझा वाढदिवस झाला. भाऊजींकडून जाडजूड पाकीट आलं. आत एक प्रमाणपत्र होतं. माझ्या नावे दूरच्या एका गावात संडास बांधण्यात आला आहे, सोबत त्याचा रंगीत फोटो आणि खाली अक्षांश-रेखांश, म्हणजे वाटलं तर जाऊन बघता यावं. चौकट भाऊजींनी अचूक भरली होती. माझं पूर्ण नाव आणि पुढे ठळक अक्षरात 'यांच्या सन्मानार्थ'.

"वा!" मी फोनवर म्हणालो.

आणि फोन ठेवल्यावर, बायकोचं लक्ष नाही असं पाहून, पाकीट उलटं करून दोनदा झटकलं.